बिबट्याची अब्रू

करवंदीच्या जाळ्यांपलीकडे एक माळ होता. माळावर गवत होतं, गवतात चितळं होती, चितळांवर लक्ष ठेवून एक बिबट्या होता, आणि बिबट्यावर लक्ष ठेवून टिटव्या होत्या. ज्याचं त्याला काम नेमून दिलेलं होतं, त्यामुळे रान सुरळीत चाललं होतं.

टिटव्यांच्या कामाला 'टिटवी राखण मंडळ' म्हणत. मंडळाला कचेरी नव्हती, पाटी नव्हती, लावायला भिंतच नसल्यामुळे अध्यक्षांचा फोटोही नव्हता. चौदा टिटव्या माळावर चौदा ठिकाणी उभ्या राहायच्या. वारा पडलेला असताना गवत हललं, की जिला दिसलं ती वर उडायची आणि 'टिटिवटिव, टिटिवटिव' असा गळा काढायची. पुढच्या क्षणी माळ रिकामा. बिबट्या येऊन बघतो तर नुसतं गवत. मग तो आपण फिरायलाच आलो होतो असा चेहरा करून परत जायचा.

याबद्दल मंडळ एकच गोष्ट मागायचं. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर चार खडे मांडते आणि मधे अंडी घालते. तर येता-जाता चितळांनी त्या खड्यांना वळसा घालावा, एवढंच. त्यामुळे माळावरच्या सगळ्या पायवाटा वाकड्या होत्या. परगावचं जनावर हसायचं, "काय हो, तुमच्यात कुणाला सरळ चालता येत नाही?" चितळं म्हणायची, "येतं की. पण आम्हाला पोरं मोठी झालेली बघायला आवडतात."

राजा गवा होता. निवडणुकीत ज्यानं अंग घासल्यावर झाड पडतं तो निवडून आला असं समजायची रीत होती, आणि गवेमहाराज तीन वेळा बिनविरोध घासले होते. बिबट्या गव्याच्या वाटेला जात नाही. त्यामुळे बिबट्या हा प्रश्न आहे असं महाराजांना वाटत नसे. तो बघणाऱ्याचा दृष्टिकोन आहे असं वाटे.

या माळावर ठिपकी नावाची एक तरुण चितळी होती. तिला पहिलंच पाडस झालं होतं, गोंडा. चितळी आपलं पाडस उंच गवतात दडवून चरायला जाते, तशी तीही जायची. पण इतर आया चरायच्या आणि ठिपकी चार घास खायची, मान वर. पुन्हा चार घास, पुन्हा मान वर. सासू म्हणायची, "बये, तू चरतेस का पहारा देतेस? दूध कुठून येणार?" ठिपकी हो हो म्हणायची आणि मान वर करायची. गोंड्याला तिनं चालायच्या आधी एक धडा शिकवला होता: आईनं पुढचा खूर आपटला की पळायचं. का पळायचं ते पळून झाल्यावर विचारायचं.

गोंडा वीस दिवसांचा असताना बिबट्या त्याच्यापासून पाच उड्यांवर पोचला होता. ठिपकीची मान नेमकी खाली होती. मंडळाच्या प्रमुख येसूकाकूंनी तेवढ्यात गळा काढला म्हणून गोंडा आज होता. दुसऱ्या दिवशी ठिपकी काकूंचे आभार मानायला गेली तर काकू म्हणाल्या, "आभार कसले गं. त्या खड्यांवरून जाऊ नकोस, तेवढं पुष्कळ."

त्यानंतर आठवडाभरानं रानात एक गोष्ट सुटली.

कुठून सुटली ते कुणालाच सांगता येईना. अशा गोष्टींना आईबाप नसतात, फक्त मावश्या असतात. त्यातली मुख्य मावशी म्हणजे साळुंकी, सगळे तिला साळूबाई म्हणत. ती सकाळी पाणवठ्यावर येऊन कुणाच्या ना कुणाच्या पाठीवर बसायची. त्या दिवशी ती ठिपकीच्या पाठीवर बसली.

"मी कुणावर आरोप करत नाही हं," साळूबाई म्हणाली. "मी आपली विचारते. तुझं पाडस लहान आहे म्हणून. टिटवी ओरडते, तेव्हा काय होतं?"

"बिबट्या येतो," ठिपकी म्हणाली.

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

"आणि टिटवी ओरडत नाही तेव्हा?"

ठिपकीनं आठवून बघितलं. "नाही येत."

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकदा गाठ पडते, बाई. या मोसमात तेरा वेळा पडली. मी काही म्हणत नाही. आपल्या थोरामोठ्यांनी टिटवीला अपशकुनी म्हटलंय ते काय उगीच?" मग तिनं चोच ठिपकीच्या कानाशी आणली. "हे सात आयांना सांगायचं असतं. एकीनं नाही सांगितलं. तिच्या पाडसाचं पुढे काय झालं, ते मला सांगवत नाही."

आता ठिपकी काही अडाणी नव्हती. टिटवी ओरडते म्हणून बिबट्या येत नाही, बिबट्या येतो म्हणून टिटवी ओरडते, हे तिला कळत होतं. पाणवठ्यावरून माळापर्यंत येताना ती स्वतःशी तेच म्हणत होती. पण गवतात गोंडा झोपलेला दिसला, त्याचं एवढंसं पोट वरखाली होताना दिसलं, आणि तिला वाटलं, खरं असो नाहीतर खोटं, सांगून टाकायला आपलं काय जातं? लेकराच्या बाबतीत विषाची परीक्षा कशाला?

तिनं सात जणींना सांगितलं. प्रत्येकीला आधी म्हणाली, "माझा विश्वास नाही हं, पण आपली काळजी घे." सात जणींचाही विश्वास नव्हता. त्यांनी एकोणपन्नास जणींना काळजी घ्यायला सांगितलं.

चार दिवसांत माळाला कळून चुकलं, की टिटव्या बिबट्याला बोलावतात. सहा दिवसांत त्या हे कशासाठी करतात याची तीन वेगवेगळी कारणं कळली. आठव्या दिवशी कुणीतरी म्हणालं, की मग अपशकुनी अंड्यांना वळसा तरी का घालायचा? त्याच दिवशी तरसराव हे ज्येष्ठ समाजसेवक पाणवठ्यावर उभे राहिले आणि त्यांनी घोषणा दिली, "वाकड्या वाटा सोडा, सरळ मनानं माळ जोडा!" तरसराव बिबट्यानं टाकलेल्या हाडांवर जगत आणि गेला महिनाभर ते खंगले होते, पण ते बोलत नेहमी समाजाच्या भुकेबद्दल.

कळप सरळ चालू लागला. ठिपकी शेपटाशी होती. पुढचे सगळे सरळ गेले, मागचे ढकलत होते, आपणच एकटीनं वळसा घातला तर लोक काय म्हणतील, असं मनात येईपर्यंत खुराखाली कुर्र असा बारीक आवाज झाला. तिनं खाली बघितलं नाही. मान सारखी वर करण्याची सवय त्या दिवशी कामाला आली.

अंडी येसूकाकूंची होती. काकू बाजूच्या ढेकळावर उभ्या होत्या आणि त्यांनी बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना बिबट्या आला तेव्हा त्यांनी नेहमीसारखाच गळा काढला, आणि चितळं पळाली, आणि पळता पळता एकमेकींना म्हणाली, "बघितलंस? ओरडली आणि आलाच!"

मंडळानं मग खुलासा करायचं ठरवलं. काकूंनी पाणवठ्यावर सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, "आम्ही बिबट्याला बोलावत नाही. आमचा त्याच्याशी काही संबंध नाही."

संध्याकाळपर्यंत साळूबाईनं रानभर बातमी दिली: बिबट्याशी असलेल्या संबंधांवर टिटव्यांनी अखेर तोंड उघडलं.

काकूंनी मग वाचलेल्या पाडसांची नावं म्हणून दाखवायला घेतली. साठ नावं होती. अकराव्या नावाला अर्धे लोक उठले. साळूबाईची गोष्ट एका घोटात सांगून व्हायची, ही सांगायला तळं आटलं असतं. शिवाय ती सात जणींना सांगा असं काकू म्हणाल्या नाहीत. त्यांना ते सुचलंच नाही.

शेवटी त्या गवेमहाराजांकडे गेल्या. "महाराज," काकू म्हणाल्या, "एखाद्या संस्थेनं वर्षानुवर्षं काम करायचं आणि कुणीतरी एका सकाळी येऊन तिची माती करायची, याला काही आळा आहे का? कायदा करा."

महाराजांना कायदे करायला फार आवडे, कारण त्यासाठी उठावं लागत नसे. त्यांनी फर्मान काढलं. नाव होतं 'संस्था-अब्रू संरक्षण फर्मान'. ते जाहीर करायला माळावर सभा झाली. महाराज म्हणाले, "माझ्या रानात सज्जन संस्थेवर चिखल उडवलेला मी सहन करणार नाही. चिखलात लोळण्याचा अधिकार घटनेनं फक्त मला दिलेला आहे!"

चितळांनी खूर आपटले. रानात टाळ्या तशाच वाजवतात. एरवी एखादं चितळ धोक्यालाही खूर आपटतं, म्हणून फर्मानात खुलासा होता, की सभेत आपटलेला खूर ही टाळीच समजली जाईल, त्यात दुसरा अर्थ काढणारा दंडास पात्र राहील. फर्मान लांबलचक होतं. शेवटपर्यंत ऐकणारी ठिपकी एकटी. ती गोंड्यावर नजर ठेवून जागी होती, म्हणून ऐकत होती.

येसूकाकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात, ते खोटं नाही गं," त्या दुसऱ्या टिटवीला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी फर्मानाखाली पहिली तक्रार दाखल झाली. तक्रारदार होतं 'बिबट्या कल्याण प्रतिष्ठान', आदल्या दिवशी दुपारी स्थापन झालेलं. गैरअर्जदार होत्या टिटव्या.

प्रतिष्ठानातर्फे तरसराव उभे राहिले. खुद्द बिबट्या एका सपाट दगडावर पुढचे पाय जुळवून बसला होता. एखाद्या अन्याय झालेल्या मांजरासारखा दिसत होता.

"महाराज," तरसराव म्हणाले, "माझे अशील वर्षभर या माळावर येजा करतात. कधी हवा खायला, कधी गवताची स्थिती बघायला. ते दिसले रे दिसले, की या बाया आभाळात चढून बोंब मारतात, बिबट्या आला, पळा! म्हणजे ते खुनी आहेत, असंच ना? मी एकच साक्षीदार बोलावतो. तोही त्यांच्याच बाजूचा."

ठिपकीचं नाव पुकारलं. ती पुढे गेली. खरं सांगायचं असं ठरवूनच गेली होती. अंड्याचा तो बारीक आवाज तिच्या खुरात अजून होता.

"या, ताई. घाबरू नका," तरसराव म्हणाले. "तुम्हाला एक पाडस आहे?"

"हो. गोंडा."

"येसूबाई एकदा त्याच्यासाठी ओरडल्या होत्या?"

"हो. बिबट्या पाच उड्यांवर होता. काकू ओरडल्या नसत्या, तर..."

"तर नको, ताई. झालं तेवढंच सांगा. माझ्या अशिलांनी तुमच्या गोंड्याला खाल्लं का?"

"नाही, पण काकू..."

"चावा घेतला?"

"नाही."

"नख लावलं? बोचकारलं?"

"नाही हो, कारण..."

"कारण कोर्ट काढेल. या मोसमात चौदा वेळा आरोळी उठली, महाराज, आणि चौदा वेळा एकही शिकार झाली नाही. चौदाच्या चौदा आरोप धादांत खोटे!" तरसरावांनी श्वास घेतला आणि आवाज एकदम मऊ केला. "शेवटचं एक, ताई. टिटवी अपशकुनी आहे हे तुम्ही किती जणींना सांगितलंत?"

ठिपकीनं खाली बघितलं. आता वर बघायची सवय कामाला येईना.

"सात," ती म्हणाली.

"आभारी आहे. बसा."

निकाल महाराजांनी रवंथ करत दिला. टिटव्यांना ओरडण्याचं स्वातंत्र्य आहे, पूर्ण आहे. फक्त यापुढे त्यांनी शिकार झाल्यानंतर, पुराव्यासह, आणि बिबट्याची बाजू ऐकून घेऊन मगच ओरडावं. चितळांनी खूर आपटले. बिबट्यानं नम्रपणे मान लववली आणि तो पुढच्या रांगेतल्या पाडसांकडे फार आपुलकीनं बघत राहिला.

त्या आठवड्यात भुरीचं पाडस गेलं. भुरी ही ठिपकीची मैत्रीण, सातांपैकी तिसरी. सगळं झाल्यावर येसूकाकू तिथे उतरल्या, रक्ताचा डाग बघितला, बिबट्याला रीतसर विचारलं. तो म्हणाला, मला या प्रकरणी काही बोलायचं नाही. मग काकू एकदाच, हळू आवाजात ओरडल्या. नियमांचं पालन केल्याबद्दल मंडळाचं कौतुक झालं. पुढच्या पंधरवड्यात आणखी पाच वेळा कौतुक झालं.

ठिपकी आता चरतच नव्हती म्हटलं तरी चालेल. दोन घास, मान वर. एका सकाळी ती येसूकाकूंच्या मोडक्या खड्यांपाशी आली, त्यांना वळसा घातला आणि थांबली. खड्यांच्या मधे काहीच नव्हतं, तरी घातला.

"काकू, ते अंडं माझ्या खुराखाली गेलं," ती म्हणाली. "आणि ते सात जणींना..."

"ठाऊक आहे. मी तिथेच उभी होते." काकूंनी पंख नीट केला. "आणि निकालाच्या दिवशी खोटं बोलली नाहीस, तेही ठाऊक आहे. तुझं खरं बोलणंच त्यांना पुरलं."

"तुम्ही ओरडा ना काकू. मी सांगेन सगळ्यांना."

"ओरडले तर मंडळ बंद. बाकीच्या तेरा जणींनी जायचं कुठे?" काकूंनी आभाळाकडे बघितलं. "ओरडायला बंदी आहे. उडायला नाही. मी वर उठून तीन घिरट्या घातल्या, तर त्याला काय म्हणायचं ते फर्मानात लिहिलेलं नाही. पण बघायला कुणीतरी मान वर करून हवं. या कळपात तशी एकच आहे, आणि तिची सासू तिला त्यावरून बोलते."

ठिपकी परत सात जणींकडे गेली. या वेळी 'माझा विश्वास नाही हं' असं म्हणाली नाही. म्हणाली, "मी तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं. आता एवढंच करा. मी खूर आपटला की पोराला घेऊन पळा."

पहिली म्हणाली, "तेव्हा एक, आता एक. तुझं खरं कधी धरायचं?" दुसरी म्हणाली, "आधी साळूबाईला विचारते." चौथी म्हणाली, "राजकारणात पडू नकोस गं, लेकुरवाळी आहेस." बाकीच्या ऐकून गेल्या. भुरी मात्र उठली आणि ठिपकीच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिला पळवायला पोर नव्हतं. मग पाचवीही आली. भुरीकडे एकदा बघून ती तिच्या बाजूला उभी राहिली.

वर्ष संपलं तसा महाराजांनी 'अब्रू दिन' जाहीर केला. सर्वांनी मुलाबाळांसह हजर राहायचं, पाडसांनी पुढच्या रांगेत बसायचं, कारण भावी पिढी. प्रमुख पाहुणे बिबट्या. व्यासपीठ म्हणजे तोच सपाट दगड. त्यावर महाराज, महाराजांशेजारी पाहुणे, आणि पुढे उभे राहून अहवाल वाचणारे तरसराव. ते आता चांगले गुटगुटीत झाले होते.

"या वर्षी आपल्या रानात," तरसरावांनी सुरुवात केली, "एकाही संस्थेची बदनामी झाली नाही!"

खूर आपटले गेले. फर्मानाच्या सभेपेक्षा आवाज कमी आला. तरसरावांनी वाट बघितली, पण जेवढे खूर उरले होते तेवढे सगळे आपटून झाले होते.

अहवाल लांबला. महाराजांचे डोळे मिटले. पाडसं कंटाळून एकमेकांचे कान चाटू लागली. गोंडा पहिल्या रांगेत, डावीकडून तिसरा. ठिपकीला त्याची शेपटी दिसत होती. तिनं शेपटीकडे बघितलं, मग दगडाकडे, मग आभाळाकडे. पुन्हा शेपटी, दगड...

दगडावर पाहुण्यांची जागा रिकामी होती.

डावीकडे वारा पडलेला होता आणि गवत हलत होतं. त्या गवतावर, आवाज न करता, येसूकाकू उठल्या. एक घिरटी. दुसरी.

तिसरीची वाट न बघता ठिपकीनं पुढचा खूर आपटला.

साळूबाईनं मान वळवली. तरसराव वाचता वाचता अडखळले आणि मग खुलले, कारण ते वाक्य खरोखरच चांगलं होतं. भुरीनं खूर आपटला. पाचवीनं आपटला. चौथी, जी राजकारणात पडणार नव्हती, तिनं आपल्या पोरीकडे बघितलं आणि दोन्ही खूर आपटले. कुणी हरकत घेईना. हरकत घेणार कशी? सभेत आपटलेला खूर ही टाळीच, दुसरा अर्थ काढणारा दंडास पात्र. बघता बघता सगळा माळ दणाणला. गोंडा उठला, का ते न विचारता वळला आणि पळत सुटला. त्याच्यामागे डावीकडून दुसरा, चौथा, आणि मग सबंध भावी पिढी.

बिबट्या गवतातून बाहेर आला तेव्हा पुढची रांग रिकामी होती. तो थोडा वेळ उभा राहिला, मग आपण फिरायलाच गेलो होतो असा चेहरा करून दगडावर येऊन बसला.

टेकाडापलीकडे पोचल्यावर गोंड्यानं धापा टाकत विचारलं, "आई, का पळालो?"

"टाळ्या होत्या," ठिपकी म्हणाली आणि मान वर करून बघू लागली. परतताना कळपातल्या सात-आठ जणींनी येसूकाकूंच्या खड्यांना वळसा घातला. बाकीच्या सरळ गेल्या.

एवढ्या कडकडाटानं महाराज जागे झाले होते. त्यांनी रिकाम्या माळाकडे बघितलं आणि त्यांना भरून आलं. इतका उत्स्फूर्त प्रतिसाद त्यांच्या कारकिर्दीत कुणाला मिळाला नव्हता, श्रोत्यांना जागेवर राहवलंसुद्धा नाही, अशी नोंद त्यांनी अहवालात घ्यायला लावली.

तरसराव पुढचं पान वाचू लागले. भाषण अजून चालू आहे.